उस्तादाचा वाफा

त्या वर्षी पेरूच्या झाडांना मर लागली. आज हिरवंगार दिसणारं झाड आठवड्याभरात शेंड्याकडून पिवळं पडायचं आणि महिन्याच्या आत उभ्या जागी वाळून जायचं. पावसानेही ओढ दिली होती. विहिरीचं पाणी दिवसाआड सोडलं जायचं आणि दुपारी असा वारा सुटायचा की अंगावरचा घामसुद्धा टिकायचा नाही. ज्या झाडांवरून कलमाच्या काड्या काढायच्या तीच मरायला लागली, तेव्हा रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी मुकादमाला बोलावून सांगितलं, "यापुढे एक काडी वाया जाता कामा नये. कोणाच्या हातची किती कलमं धरतात ते मला वेगवेगळं कळलं पाहिजे."

मुकादमाने दुसऱ्या दिवशी नियम सांगितला. कलम बांधणाऱ्या प्रत्येकाने पाचशे कलमं बांधायची. जाळीच्या मांडवात प्रत्येकाचा वाफा वेगळा आणि वाफ्याच्या तोंडाशी त्याच्या रंगाची चिंधी बांधलेली खुंटी. पंचविसाव्या दिवशी मोजणी. ज्याची निम्म्याहून कमी धरली त्याने सुरी जमा करायची आणि मातीच्या ढिगाशी पिशव्या भरायला बसायचं.

ऐकून सगळ्यांची तोंडं बारीक झाली. उस्ताद तेवढा हसला. "पोरांनो, आता कळेल सोनं कुठलं आणि पितळ कुठलं," तो म्हणाला.

त्याला उस्ताद म्हणायला लागून वीस वर्षं झाली असतील. त्याआधी चौदा वर्षं तो नुसताच कामगार होता. एके काळी त्याच्या हातची शंभरातली पंच्याण्णव कलमं धरायची आणि लांबलांबचे बागवाले "उस्तादाच्या हातची द्या" म्हणून अडून बसायचे. मागच्या हंगामात मात्र साठच धरली होती. त्याच्या आदल्या हंगामात सत्तर. त्याची कारणं उस्तादाकडे तयार असत. काड्या कोवळ्या होत्या. ज्यांवर काडी बांधायची ती खुंटरोपं रोगट होती. पाणी वेळेवर मिळालं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं होतं, आणि कोण म्हणालं ते शोधून काढून उस्ताद त्याच्याशी चार महिने बोलला नव्हता.

त्याची सून त्याच रोपवाटिकेत कामाला होती. मुलगा ट्रक चालवायचा, पंधरापंधरा दिवस घरी नसायचा. सून आली तेव्हा तिला पिशव्या भरायला बसवलं होतं. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया पाठ टेकायच्या तेव्हा ही छाटणीतल्या फेकलेल्या काड्या गोळा करून तासत बसायची. पहिल्या वर्षी मुकादमाच्या हातापाया पडून तिने शंभर खुंटरोपं मागून घेतली. त्यांतली नऊ धरली. उस्तादाने ती गोष्ट जेवताना, चहा पिताना, येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगितली. "नऊ! त्यापेक्षा काड्या मातीत नुसत्या खोचल्या असत्या तरी दहा आल्या असत्या." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "हे कसब हातात घेऊनच जन्माला यावं लागतं, बाबा. शिकून येत नाही."

सून ऐकून घ्यायची. मेलेली एक्याण्णव कलमं तिने उकिरड्यावरून परत आणली होती आणि एकेक पट्टी सोडून, चीर उकलून आत काय झालंय ते बघत बसली होती. उस्तादाला ते बघून किळस आली होती. "मढी कसली उकरतेस?" तो म्हणाला होता. पुढच्या वेळी तिची चोवीस धरली, मग एक्कावन्न, आणि या हंगामात मुकादमाने तिला आपणहून सुरी दिली.

पाचशे कलमं बांधायला प्रत्येकाला चार दिवस लागले. शेडमध्ये लांब बाक होता, त्यावर सगळे ओळीने बसायचे. काम म्हटलं तर सोपं. खुंटरोपाचा शेंडा छाटायचा, उरलेल्या बुंध्याला मधोमध चीर पाडायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत अशी बसवायची की सालीला साल भिडेल. मग पट्टी आवळायची आणि वरून प्लास्टिकची टोपी. बांधून झालेली कलमं ट्रेमधून मांडवात जायची, आपापल्या खुंटीमागे.

सून आपल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि लागेल तशी एकेक काढायची. उस्ताद पन्नास काड्या समोर उघड्याच पसरायचा. बोलता बोलता, जुन्या गोष्टी सांगता सांगता त्याचा हात चालायचा. हल्ली जवळचं त्याला धुरकट दिसायचं, पण हातालाच डोळे आहेत असं तो म्हणायचा.

"बाबा, काड्या झाकू का तुमच्या? वारा आहे," दुसऱ्या दिवशी सून हळूच म्हणाली.

"वारा गेली चौतीस वर्षं आहे," उस्ताद म्हणाला. बाकावरचे हसले. सुनेने मान खाली घातली आणि परत कामाला लागली.

तो चारही दिवस बाकावरून सर्वांच्या आधी उठला. पाचशे सर्वांत आधी त्याचीच झाली.

*

मोजणीच्या दिवशी उस्ताद उजाडता उजाडताच रोपवाटिकेत पोचला. रखवालदार विहिरीवर तोंड धूत होता. मांडवात कोणी नव्हतं. आपला वाफा आपण आधी बघून ठेवावा, चारदोन मेलेली असतील ती उपटून बाजूला टाकावी, एवढंच त्याच्या मनात होतं. निदान पुढे त्याने स्वतःला तसंच सांगितलं.

निळ्या चिंधीच्या खुंटीमागे त्याचा वाफा होता. टोप्यांच्या आत काड्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक तपकिरी झालेल्या. त्याने एकीची टोपी काढली, नखाने साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. दुसरी, तिसरी, दहावी. मधूनच एखादीला दोन पानं फुटलेली. तो खाली बसला. मग शेजारच्या वाफ्याकडे त्याने मान वळवली. पिवळी चिंधी, सुनेची. टोप्यांच्या आतून कोवळ्या पोपटी पानांनी प्लास्टिक वर उचलल्यासारखं दिसत होतं. ओळीच्या ओळी.

त्याला आधी वाटलं, ट्रे आणणाऱ्यांनी घोटाळा केला असेल. हाच आपला वाफा असेल. त्याने वाकून गाठी बघितल्या. सून पट्टीची गाठ खालच्या अंगाला मारायची, तो वरच्या. पोपटी पानांखालच्या सगळ्या गाठी खालच्या अंगाला होत्या.

विहिरीवर बादली वाजली. उस्ताद उठला. त्याने निळ्या चिंधीची खुंटी उपटली, मग पिवळ्या चिंधीची, आणि दोन्ही एकमेकींच्या भोकांत रोवल्या. टाचेने माती दाबली. सगळं मिळून शंभर श्वाससुद्धा झाले नसतील. मग तो मांडवाच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडला, लांबून वळसा घेतला आणि आत्ताच येत असल्यासारखा फाटकातून परत आत आला. रखवालदाराने "लवकर आज?" असं विचारलं, तेव्हा "झोप कुठे येते या उकाड्यात," म्हणाला.

मोजणी दहा वाजता सुरू झाली. मुकादम मोजायचा आणि मालकीणबाई लिहून घ्यायच्या. उस्तादाच्या खुंटीमागे चारशे अठरा निघाली. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मागचे दोन हंगाम मी उगाच शंका घेतली, उस्ताद. हात तो हात."

मग पिवळी खुंटी. एकशे त्र्याऐंशी.

सून वाफ्याशी उभी होती. ती वाकली, एका मेलेल्या कलमाची पट्टी बोटाने फिरवून बघितली, मग दुसऱ्याची. मग तिने शेजारच्या वाफ्याकडे बघितलं आणि तिथून सरळ उस्तादाकडे. उस्तादाने खिशातून रुमाल काढून मान पुसायला घेतली.

"काय गं, काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं. "तुझ्याकडून मला बरी आशा होती."

सुनेचं तोंड उघडलं. आता ती बोलणार, असं उस्तादाला वाटलं. तिने तोंड मिटलं. "बघते काय झालं ते," ती म्हणाली आणि कमरेची सुरी काढून मुकादमाच्या हातात दिली.

"हे खेळायचं काम नाही, कळलं ना आता?" मुकादम म्हणाला. "घरात उस्ताद आहे तर चार गोष्टी त्यांच्याकडून शिकायच्या."



*

रात्रीच्या जेवणाला तिघंच असायची. बायकोने वाढता वाढता विचारलं, "चारशे अठरा म्हणे. सगळी आळी सांगत होती."

"हं."

"आणि हिची कशी गेली एवढी? मागच्या खेपेला तर बरी होती."

सून पाण्याचे तांबे भरत होती. "गेली खरी," ती म्हणाली.

उस्ताद भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिला. नवराबायकोत, सासूसुनेत भांडण झालं असतं, आदळआपट झाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्या ताटात रोजच्यासारखं वाढत होती. मुलाचा फोन आला तेव्हा बोलायला दुसऱ्या खोलीत गेली. उस्ताद कान देऊन बसला. ट्रकचं टायर, मुलाचा खोकला, घरातलं तेल संपलं एवढंच बोलणं झालं. कलमांचा विषय निघालाच नाही.

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. शेडमधून मातीचा ढीग समोरच दिसायचा. सून तोंडाला फडकं बांधून माती, वाळू आणि खत फावड्याने कालवायची, पिशवीत भरायची, आपटून दाबायची, ओळीत लावायची. दिवसाला सातशे. चार दिवसांत तिच्या बोटांना भेगा पडल्या. इकडे कोणीही आलं की मालकीणबाई त्याला उस्तादाचा वाफा दाखवायला नेत. "चारशे अठरा," त्या म्हणत, आणि उस्ताद सुनेच्या कलमांशेजारी उभा राहून मान हलवत असे. लोक विचारत, एवढी कशी धरतात? तो म्हणे, "सवय." याहून जास्त बोलायचं त्याला धाडस व्हायचं नाही. जुन्या गोष्टी सांगणं बंद झालं. बाकावरच्या एकाने म्हटलं, "यश मिळाल्यावर माणूस गंभीर होतो ते असं." तेही त्याला टोमण्यासारखं लागलं.

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो उकिरड्याच्या बाजूला गेला, तर सून तिथे बसलेली. पुढ्यात मेलेल्या कलमांचा ढीग. ती एकेक पट्टी सोडत होती आणि चीर उकलत होती. उस्ताद मागे फिरणार होता, पण पायाखाली काटकी मोडली.

"काय करतेस?" त्याला विचारावं लागलं.

"का मेली ते बघते."

"कोणाची?" बोलला आणि त्याने जीभ चावली.

सुनेने वर बघितलं नाही. "माझ्याच खुंटीमागची. मालकीणबाई विचारतायत, एवढी कशी गेली म्हणून. काहीतरी उत्तर द्यायला हवं. मी बांधलेली असती तर मला माहीत असतं. आता शोधावं लागतंय."

 ती सावकाश बोलत होती, जणू शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं तशी. "ही पाचर बघा. वरचं टोक टेकतंय, खालचं टेकतंय, मधे पोकळ आहे. काडी एका झटक्यात तासलेली नाही, दोन झटक्यांत तासलीय, म्हणून मधे पोट खपाटीला गेलंय. आत काळं पडलंय बघा. आणि ही एक. सालीला साल भिडलीच नाहीये, केसभर बाजूला गेलीय. ज्याने बांधली त्याला जवळचं दिसत नसणार. आणि ह्या काड्या तर बांधण्याआधीच वाऱ्याने सुकलेल्या." तिने तीन ढीग वेगळे केले होते. "पोटाच्याच जास्त आहेत. दोनशे तरी."

"चौतीस वर्षं मी हे काम करतोय," उस्ताद म्हणाला.

"माहितीये, बाबा."

"आता तू मला शिकवणार?"

"छे. मी पिशव्या भरते," सून म्हणाली, फडकं तोंडाला बांधलं आणि ढिगाकडे निघून गेली.

ती गेली. मग इकडेतिकडे बघून त्याने पोटाच्या ढिगातलं एक कलम उचललं, हात लांब करून उजेडात धरलं. चिरेच्या मधोमध काळी रेघ होती. त्याने ते खाली ठेवलं आणि आणखी एक उचललं. तेही तसंच. तिसरं उचलायचा त्याला धीर झाला नाही.

*

कुंपणाशी एक जुनं झाड होतं. आतून गडद लाल, बी नावाला, असा पेरू त्या एकाच झाडाला यायचा. त्याची कलमं करायचं दरवर्षी पुढे ढकललं जायचं, कारण झाड काही कुठे जात नव्हतं. त्यालाही मर लागली. एक फांदी सोडून सगळं झाड वाळलं, तेव्हा मालकीणबाई स्वतः शिडीवर चढल्या आणि त्या फांदीच्या साठ काड्या काढून आणल्या. पोरक्या लेकराला आणावं तशा पदराखाली झाकून आणल्या.

"या साठ गेल्या की ही जात संपली," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुठेही नाही. उस्ताद, तुम्हीच बांधा."

उस्तादाने हात धुतले. बाकावर मधोमध बसला. मालकीणबाई आणि मुकादम समोर उभे राहिले, बाकावरचे लोक हातातलं काम थांबवून बघायला लागले. आता बोलावं, असं त्याला वाटलं. पण एवढे लोक बघत होते. त्यातून त्याने स्वतःची समजूत घातली, आता काय चुकतं ते आपल्याला माहीत झालं आहे. सावकाश करू. जमेल.

त्याने पहिली काडी घेतली. सुरी एका झटक्यात न्यायची असं मनाशी घोकत नेली. अर्ध्यात हात अडला आणि दुसरा झटका आपोआप बसला. त्याने काडी लांब धरून बघितली. मधे पोट आत गेलेलं. पहिल्यांदाच ते त्याला दिसत होतं. त्याने ती बांधली, पट्टी आवळली, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. पुन्हा तेच. कपाळावरचा घाम भुवईतून डोळ्यात उतरला. हाताला जी सवय गेली सातआठ वर्षं लागली होती ती सांगून ऐकत नव्हती. तिसरी, पाचवी, अकरावी. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, पुढची नीट करू. एकोणीस झाली.

विसाव्या काडीवर त्याने सुरी टेकवली आणि तशीच ठेवली. मग काडी परत ओंजळीत घेऊन पाण्याच्या भांड्यात सोडली.

"बाई," तो म्हणाला, "मोजणीच्या दिवशी मी खुंट्या बदलल्या."

मुकादम हसला. "कसल्या खुंट्या, उस्ताद?"

"माझी आणि सुनेची. सकाळी लवकर येऊन. चारशे अठरा तिची आहेत."

"आणि एकशे त्र्याऐंशी?"

"माझी."

 बाहेर ढिगाशी फावडं मातीत जात होतं, त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. उस्ताद बाकाच्या फळीकडे बघत राहिला. माणसं आपल्याकडे बघतायत हे त्याला मानेवर कळत होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. ती दुभंगत नाही, आपण तिथेच बसलेले असतो.

मालकीणबाईंचा आवाज चढला नाही. "ह्या एकोणीस कापायच्या आधी का नाही सांगितलंत?"

 काड्या कोवळ्या नव्हत्या, पाण्याचा प्रश्न नव्हता, वाराही पडलेला होता. "लाज वाटली," तो म्हणाला.

"तुमच्या लाजेपायी एकोणीस गेल्या," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या त्याला कधी उस्ताद म्हणाल्या नाहीत. त्या मुकादमाकडे वळल्या. "तिला बोलवा."

सून आली. मुकादमाने दारातच तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिने ऐकलं, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, नखांतली माती काडीने काढली. उस्ताद जागेवरून उठला, ती तिथे बसली. "एक गोणपाट ओलं करून द्या," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून उस्तादच गेला आणि गोणपाट भिजवून, पिळून घेऊन आला. तिने ते घेतलं. त्याच्याकडे बघितलं नाही.

सुरीचा एकच आवाज यायचा, कापडाची चिंधी फाडल्यासारखा. मग पाचर चिरेत जायची. उस्ताद भिंतीशी उभा राहून एक्केचाळीस वेळा तो आवाज ऐकत राहिला.

*

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती लसूण सोलत होती. ऐकून तिने हात थांबवला नाही.

"तिच्याशी बोललात?"

"नाही अजून."

"मग आधी माझ्याकडे कशाला आलात?"

सून मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. उस्ताद दोरीच्या अलीकडे उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"हो," सून म्हणाली.

"तू तेव्हाच बोलायला हवं होतंस."

तिने चादरीची घडी घातली, हनुवटीखाली दाबली, परत घातली. "बोलून? एकतर तुम्ही खोटे ठरला असता नाहीतर मी. कोणीही ठरलं तरी राहायचं मला ह्याच घरात होतं." मग पुढचा कपडा काढत म्हणाली, "नऊ धरली होती तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, तेव्हा मला इतकं वाईट नव्हतं वाटलं. कारण नऊच होती ती. खरी होती. ह्या वेळी मात्र वाईट वाटलं."

 ती कपडे घेऊन आत गेली. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा उस्तादाने फोन मागून घेतला आणि मुलालाही आपल्या तोंडाने सांगितलं. 

कबुलीच्या दुसऱ्या दिवसापासूनच तो ढिगाशी बसला होता. शेजारी नव्यानेच लागलेल्या दोन बाया. मुकादम जाता जाता म्हणायचा, "पिशवी घट्ट भरा हं उस्ताद, कलम धरलं पाहिजे," आणि शेडमधून हसण्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या दोनशे पिशव्या झाल्या आणि त्यांतल्या तीसेक उचलताना फुटल्या. कंबर धरली. हे कामही येत नाही आपल्याला, असं त्याच्या लक्षात आलं. शेजारच्या बाईने न विचारता दाखवलं, आधी खाली बोटाने कोपरे दाबायचे, मग भरायचं. त्याने कोपरे दाबले.

दुपारी सुट्टी झाली की तो छाटणीच्या काड्या गोळा करायचा. दहा पाचरी तासायच्या आणि सुनेपुढे नेऊन धरायच्या. पहिल्यांदा नेल्या त्या दिवशी त्याचे कान तापले होते. वाटलं, ही आता सगळं वसूल करणार. सुनेने हातातला डबा बाजूला ठेवला, एकेक पाचर सुरीच्या पात्याला टेकवून उजेडात धरली. पात्याखालून उजेड दिसला की म्हणायची, "पोट." आणि टाकून द्यायची. दहाच्या दहा टाकल्या. वसूल काही केलं नाही आणि गोडही काही बोलली नाही.

त्याने चष्मा करून घेतला. चष्म्याने चूक दिसायला लागली, जायला लागली नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्याने सुरी मातीत फेकली. "नाही होत आता. हे हातात घेऊनच—" आणि तिथे तो थांबला. हेच वाक्य त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपल्याला येत होतं तेव्हा ते ऐट म्हणून, आणि आता येत नव्हतं तेव्हा सबब म्हणून.

"तुम्ही खांद्यातून ओढता," सून म्हणाली. ती घटकाभर त्याच्या हाताकडेच बघत होती. "मनगट धरून ठेवा, काडी हलवा. सुरी जागच्या जागी राहू द्या."

"असं कोणी करत नाही."

"मी करते."

त्याने सुरी उचलली, धोतराला पुसली. काडी हलवून बघितली. दहातली एक निघाली जिच्यातून उजेड आला नाही. सुनेने ती टाकली नाही, बाजूला ठेवली आणि डबा उघडून जेवायला लागली.

लाल पेरूच्या कलमांच्या टोप्या काढायचा दिवस आला. तिच्या एक्केचाळीसपैकी सदतीस फुटली होती, त्याच्या एकोणीसपैकी दोन. मालकीणबाईंनी सुनेला मांडवाची सगळी जबाबदारी दिली, कोणी सुरी धरायची आणि कोणी नाही ते आता तीच ठरवणार होती. उस्तादाने ती बातमी ढिगाशी बसून ऐकली.

पाऊस उशिरा का होईना पडून गेला आणि नवी खेप सुरू झाली. ज्यांना सुरी हवी त्यांनी शंभर बांधून दाखवायची, पन्नास धरली पाहिजेत. उस्तादाने नाव दिलं. शंभर बांधायला तो पूर्वी एक सकाळ घ्यायचा, या वेळी तीन दिवस लागले.

मोजणीला मुकादम बसला, सून शेजारी उभी. मुकादमाने दोनदा मोजलं. अठ्ठेचाळीस. त्याने वर बघितलं. समोर पांढऱ्या केसांचा माणूस नाकावरचा चष्मा सावरत उभा होता, आणि मुकादमाला एकाएकी त्याची कणव आली.

"त्या कडेच्या दोन वाऱ्याने गेल्यात," मुकादम म्हणाला. "त्या धरून पन्नास लिहितो. काय?"

 सून ओळीकडे बघत होती.

उस्ताद खाली बसला. कडेची दोन्ही कलमं उचलली, पट्ट्या सोडल्या, चिरा उकलल्या आणि डोळ्यांजवळ नेल्या. "वाऱ्याने नाही," तो म्हणाला. "दोन्हींत पोट आहे. अठ्ठेचाळीसच लिहा."

मुकादमाने सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली, त्याने लिहिलं.

"पुढची खेप एका महिन्याने आहे, बाबा," सून म्हणाली.

"बरं."

मांडवातून ढिगापर्यंत जायचं म्हणजे शेडसमोरून जावं लागायचं. बाकावरचे सगळे बघत होते. त्याचा चेहरा कानापर्यंत तापला, पण लांबचा वळसा त्याने घेतला नाही. तो ढिगाशी येऊन बसला आणि फडकं तोंडाला बांधायला लागला.

"किती आली हो?" शेजारच्या बाईने विचारलं.

"शंभरातली अठ्ठेचाळीस," उस्तादाने सांगितलं आणि रिकाम्या पिशवीचे कोपरे दाबले.